तेलाचा भाव, माणसाचा भाव

आजचा विषय जाहीर झाला आणि एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, ‘तुम्ही आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवलेत. तेलधंद्यातल्या मंदीवर तुम्ही काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. पण तेलातला पहिला गाजलेला सौदा एका तत्त्वज्ञानेच केलेला आहे, हे आम्ही त्यांना सांगितलं. थेलीस हा ग्रीकांचा पहिला तत्त्वज्ञ. लोक त्याला म्हणायचे, एवढा शहाणा, मग तू गरीब का? ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून त्याला वाटलं, यंदा ऑलिव्हचं पीक भरघोस येणार. भर हिवाळ्यात, कुणाला गरज नसताना, त्याने थोडा थोडा विसार देऊन मायलेटस आणि किऑसचे सगळे तेलाचे घाणे आपल्या नावे करून ठेवले. पीक आलं, घाण्यांसाठी रांगा लागल्या, आणि याने मागेल त्या भाड्याने ते दिले. ही गोष्ट ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात सांगितली आहे. तेव्हा तेलाचा वायदा हा आमच्याच विषयाचा भाग आहे. (हशा)

आता गंभीर गोष्टीकडे येऊ. २० एप्रिल २०२० हा सोमवार आठवतो का? आपण सगळे घरात कोंडलेले. लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीच्या दुकानांना कुलपं, स्टेशनवर डेक्कन क्वीन नाही, भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणूस नाही. त्या दिवशी अमेरिकेच्या बाजारात कच्च्या तेलाचा भाव एका पिंपाला उणे ३७.६३ डॉलर झाला. शून्याच्याही खाली. म्हणजे विकणारा म्हणतो, तेल घे, आणि वर हे सदतीस डॉलरही घे.

हे कसं घडलं ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हा भाव मे महिन्याच्या वायद्याचा होता आणि तो वायदा दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, संपणार होता. संपताना ज्याच्या हातात तो राहील त्याला ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग या गावी जाऊन प्रत्यक्ष तेल ताब्यात घेणं भाग होतं. एका वायद्यात १००० पिंपं, एक पिंप १५९ लिटरचं. पण कुशिंगच्या टाक्या एक तर भरलेल्या, नाही तर आधीच कुणीतरी राखून ठेवलेल्या. ज्यांनी फक्त कागदावर व्यापार केला होता त्यांच्याकडे तेल ठेवायला घागरसुद्धा नव्हती. त्यामुळे पैसे देऊन सुटका करून घेणं त्यांना स्वस्त पडलं. आपल्याकडे तर आणखीच विचित्र झालं. लॉकडाउनमुळे मुंबईतला एमसीएक्सचा बाजार संध्याकाळी पाचला बंद होत होता आणि अमेरिकेतली पडझड झाली आपल्या रात्री. इथल्या माणसांना बाहेर पडायला दारच नव्हतं. त्यांचा हिशेब शेवटी पिंपाला उणे २,८८४ रुपये या भावाने झाला.

लक्षात घ्या, त्या दिवशी तेलाचा गुण बदलला नव्हता. रविवारी जेवढी ऊर्जा त्या पिंपात होती तेवढीच सोमवारी होती. त्याच आठवड्यात ब्रेंट तेल, ज्याचा भाव आपल्या देशाला जास्त लागू पडतो, घसरूनही शून्याच्या बरंच वर होतं. उणे झाला तो कागद. ज्याची मुदत संपत आली होती आणि ज्याला जागा नव्हती, असा कागद.

मंदीची कारणं थोडक्यात. ६ मार्चला व्हिएन्नामध्ये तेल उत्पादक देशांची बैठक फिसकटली, सौदी अरेबिया आणि रशिया यांच्यात भावयुद्ध पेटलं, आणि ९ मार्चला एका दिवसात भाव जवळजवळ पाव हिश्शाने पडला. त्यात महासाथ. विमानं, गाड्या, कारखाने बंद. जग दिवसाला साधारण दहा कोटी पिंपं वापरत होतं, ते एप्रिलमध्ये दोन कोटी पिंपांहून जास्त खाली आलं. १२ एप्रिलला करार होऊन दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात ठरली, पण ती लागू होणार १ मेपासून. अमेरिकेत जमिनीत खोदकाम करणाऱ्या रिग मार्चमध्ये सुमारे ७९० होत्या, ऑगस्टमध्ये २४४ उरल्या. एकेका रिगवर किती माणसं असतात याचा विचार करा, म्हणजे हे आकडे नुसते आकडे राहणार नाहीत.

आमच्यासाठी तो आकडा एका माणसाचा होता. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा मड इंजिनिअर आहे. हे काय काम असतं, हे आम्हालाही २०२० पर्यंत नीट माहीत नव्हतं. तेलाची विहीर खोदताना आत एक विशिष्ट चिखल सतत फिरवतात, त्याला मड म्हणतात. तो हलका झाला तर खालचा वायू उसळून वर येतो, जड झाला तर खडक तडकतो आणि चिखलच खाली गडप होतो. ते वजन जागच्या जागी ठेवणं हे याचं काम. ‘मामा, वर येणाऱ्या मडवरून खाली काय चाललंय ते कळतं,’ असं तो म्हणायचा. अठरा वर्षं आखातात. अठ्ठावीस दिवस रिगवर, अठ्ठावीस दिवस घरी. मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं आणि उरणला प्रकल्प उभा राहिला, तेव्हापासून आपल्याकडची मुलं या धंद्यात शिरली. मग त्यातली कितीतरी आखातात गेली. हा त्यांपैकीच एक.

एप्रिलमध्ये त्याच्या कंपनीने रिग उभी करून ठेवली आणि माणसांना ‘डीमोब’ केलं. हा त्यांचा शब्द. काढून टाकलं असं कुणी म्हणत नाही. पण आखातात व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की राहण्याचा हक्कही जायला लागतो, आणि परत यायला तर विमान नाही. ७ मेपासून ‘वंदे भारत’ची उड्डाणं सुरू झाली, त्यात त्याचा नंबर जूनमध्ये लागला. विलगीकरण संपवून तो कामशेतजवळच्या गावी आईकडे आला. बायको-मुलं वाकडच्या फ्लॅटमध्ये, त्या फ्लॅटवर कर्ज.

पावसाळ्यात तो आमच्याकडे लोणावळ्याला आला. व्हरांड्यात बसलो. आणि आम्ही काय केलं? व्याख्यान दिलं. एपिक्टेटसची गोष्ट सांगितली. तो गुलाम होता, पायाने अधू होता, आणि त्याने शिकवलं की काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात. जे हातात नाही त्यासाठी मन जाळू नये. तेलाचा भाव तुझ्या हातात नाही, तुझी वृत्ती तुझ्या हातात आहे. मार्कस ऑरेलियसने तर साथीच्या काळातच आपलं चिंतन लिहिलं, हेही सांगितलं. बोलता बोलता आम्ही अगदी रंगलो होतो. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मामा, तुमची पेन्शन एक तारखेला येते ना?’

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता, हेही त्या क्षणी आठवलं.

तो गेल्यावर आम्ही कित्येक दिवस त्या प्रश्नाशी झगडत होतो. स्टोइकांचं म्हणणं खोटं आहे, असं आजही आम्हाला वाटत नाही. पण ॲरिस्टॉटलने या बाबतीत जे सांगितलं ते जास्त खरं आहे, असं आता वाटतं. चांगलं आयुष्य सद्‌गुणांवर उभं असतं, हे त्याला मान्य आहे. पण त्याला बाहेरच्या गोष्टीही लागतात, मित्र लागतात, थोडं धन लागतं, दैवाची थोडी साथ लागते. छळ सोसणारा माणूसही सज्जन असेल तर सुखीच, असं म्हणणाऱ्यांना त्याने सरळ निरर्थक बोलणारे म्हटलं आहे. आणि नेमकं तेच आम्ही व्हरांड्यात बसून करत होतो.

तेव्हा कुशिंगकडे परत जाऊ. उणे भाव का झाला? साठवण नव्हती म्हणून. आणि त्याच महिन्यांत आपल्या देशाने काय केलं? विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे खडकात कोरलेल्या गुहा आहेत, त्यांत ५३.३ लाख टन कच्चं तेल मावतं. एप्रिल-मेमध्ये त्या भरून घेतल्या, सरासरी १९ डॉलरने. सुमारे ५,००० कोटी रुपये वाचले, असं सरकारने सांगितलं. बाजार तोच. एकाला पैसे देऊन तेल सोडावं लागलं, दुसऱ्याला ते जवळजवळ फुकटात मिळालं. फरक काय? एकाकडे ठेवायला जागा होती आणि म्हणून त्याला थांबता येत होतं. त्यात कुणाचा मनोनिग्रह मोठा होता, असं आपण म्हणत नाही. माणसाबद्दल मात्र तेच म्हणतो. तो खंबीर होता म्हणून तरला, हा खचला.

साठवण म्हणजे काय, हे लोणावळेकरांना सांगायला नको. वलवणचं धरण सगळ्यांनी पाहिलंय. टाटांनी १९११ च्या सुमारास इथे कामं सुरू केली आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज निर्माण झाली. पाऊस चार महिने, मुंबईच्या गिरण्या बारा महिने. मधली आठ महिन्यांची दरी भरायची तर वर, घाटमाथ्यावर, पाणी अडवून ठेवायचं आणि लागेल तसं खाली सोडायचं. मावळातल्या घराघरांत भाताची कणगी होती तिचंही काम तेच. ती भरलेली असली की आषाढातही घरातली बाई शांतपणे बोलते, रिकामी असली की तिचा आवाज चढतो. तो काही तिच्या स्वभावाचा दोष नसतो.

पण साठवणीची दुसरी बाजू इथेच सांगितली पाहिजे. ती नेहमी कुणाच्या तरी जमिनीवर उभी राहते. मुळशीला धरण बांधायला निघाले तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले, आणि तरीही गावं बुडाली. मुंबईला बारमाही वीज मिळाली ती कुणाच्या तरी भातखाचरांवरून. हा प्रश्न मनात असू द्या.

आमच्या भाच्याकडे कसली साठवण होती? पैशाची म्हणाल तर सहा-सात महिन्यांची. अठरा वर्षं उत्तम पगार घेऊन एवढीच कशी, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. पण या धंद्यात चांगल्या वर्षाला माणसं कायमचं वर्ष समजतात. मोठा फ्लॅट, मोठी गाडी, मुलांच्या शाळेच्या मोठ्या फिया. कर्ज ही तर उलटी साठवण. पुढच्या वर्षांची मिळकत आजच खर्चून टाकलेली. रिझर्व्ह बँकेने मार्चअखेर हप्ते लांबणीवर टाकायची मुभा दिली, ती ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. आमची इंद्रायणी ज्या मावळातून वाहते तिच्याच काठी, देहूला, एका वाण्याच्या घरात दुष्काळात दुकान बुडालं, बायको गेली, आणि त्याने लोकांकडून येणं असलेल्या रकमांचे कागद नदीत सोडून दिले, असं परंपरा सांगते. तुकारामांची गोष्ट आपण भक्तीची म्हणून ऐकतो. ती मंदीचीही आहे. फक्त तिथे कागद बुडवणारा सावकाराच्या बाजूचा होता, हे विसरू नये.

कौशल्याची साठवण? इथे तर कुशिंगच आहे. मडचं ज्ञान डोक्यात राहतं, पण कागदाची मुदत संपते. विहिरीचा दाब आवरण्याचं प्रमाणपत्र दोन वर्षांचं, समुद्रावरच्या बचावाच्या प्रशिक्षणाचं चार वर्षांचं. नोकरीत असताना कंपनी ते नवं करून देते, घरी बसलेल्याने स्वतःच्या खिशातून करायचं. जाणता माणूस तोच, कागद मात्र रोज थोडा थोडा उणे होत जातो. पुण्यात त्याने दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. चिखलाचं वजन कळणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत तर त्याच डिसेंबरात जनरल मोटर्सचं उत्पादन थांबलं. तिथेही घरी जाणाऱ्यांचीच रांग होती.

एक गोष्ट मात्र होती, आणि तिला तो स्वतः साठवण म्हणत नव्हता. आईचं घर, दोन एकर इंद्रायणी भाताचं खाचर, आणि गावात ओळख. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगार साताऱ्याला, कोकणात परतले ते याच आधारावर. पण त्याच रिगवर बिहारचा, केरळचा, फिलिपिन्सचा कामगार होता, कंत्राटी, ज्याच्या गावच्या घरावरच तिकिटासाठी कर्ज काढलेलं होतं. त्याच्या वाट्याला कसली कणगी? आमचा भाचा आमच्यापेक्षा कमी सुरक्षित होता, पण त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त. पेन्शनचा टोमणा त्याने आम्हाला मारला, तो त्यालाही कुणी मारू शकलं असतं. हे त्यानेच नंतर बोलून दाखवलं.

आता वेळेबद्दल. यावर एक जुना आणि विलक्षण अभ्यास आहे. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव. तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन माणसांचा दिवस कसा जातो ते पाहिलं, १९३३ मध्ये पुस्तक आलं. आता रिकामा वेळ भरपूर, तर लोक वाचनालयातून जास्त पुस्तकं नेतील असं वाटेल. उलट झालं, वाचन घटलं. अभ्यासकांनी खिडकीत बसून लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळू चालत, मधेच थांबत. बायका भराभर, कारण त्यांचं घरकाम सुटलेलं नव्हतं. सकाळपासून काय केलं, असं पुरुषांना विचारलं तर सांगता येईना. याहोडा पुढे असं म्हणाल्या की नोकरी पगार देते, पण त्याखेरीज दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, सामायिक उद्देश देते, समाजातलं स्थान देते. पगार गेलेला दिसतो. बाकीचं गेलेलं दिसत नाही.

भाच्याचं तसंच झालं. पहाटे चारला जाग यायची, बारा तासांच्या पाळीची सवय. मग अंगणाच्या फाटकाशी उभा. बहीण फोनवर म्हणाली, ‘दादा, हा दिवसभर नुसता फाटकाशी उभा असतो रे.’ इथे लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, तिथली प्राणायामाची पद्धत आम्ही त्याला शिकवली. झोप सुधारली, हे खरं. पण दिवस तसाच मोकळा. मग एक दिवस त्याने स्वतःच विहिरीत टेप सोडली आणि पाण्याची पातळी वहीत लिहिली. तारीख, वेळ, खोली, पाऊस, शेरा. रिगवर रोज मडचा अहवाल लिहायचा तसाच. रोज, सकाळी सहाला. पुढच्या एप्रिलमध्ये गावाला कळलं की या विहिरीचं पाणी किती दिवस पुरेल, आणि शेजारच्या दोघांनी आपल्याही विहिरी मोजून मागितल्या. यातून पैसे मिळाले नाहीत. पण सहा वाजता त्याला कुठेतरी असायचं होतं.

शेवटी भाव या शब्दाबद्दल. कांटने १७८५ मध्ये एक भेद केला. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तितक्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं. माणसाला प्रतिष्ठा असते, त्याच्या जागी काही ठेवता येत नाही. जर्मनमध्ये यासाठी दोन शब्द आहेत. आपली मराठी मात्र बेरकी आहे. बाजारातला तो भाव, मनातला तो भाव, देवापुढे असतो तोही भाव, आणि चारचौघांत मिळतो किंवा मिळत नाही तोही भावच. त्यामुळे गल्लत सोपी होते. पंचेचाळिशीतला माणूस म्हणतो, ‘मला आता काही भाव नाही’, आणि तो यांतल्या कोणत्या भावाबद्दल बोलतोय हे त्यालाच कळत नाही. भाच्याला आम्ही स्टोइक सांगायला नको होते. वीस एप्रिलचा वायदा कसा उणे झाला हे समजावून द्यायला त्यालाच सांगायला हवं होतं. ते त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नंतर त्यानेच ते आम्हाला समजावलं, आणि समजावताना मधेच थांबला. म्हणाला, ‘म्हणजे मामा, तेल वाईट नव्हतं.’

कांटच्या प्रतिष्ठेने फ्लॅटचा हप्ता भरत नाही, हे कबूल. तिथे पेन्शन, बेकारी भत्ता, विमा, कंत्राटी माणसाच्या परतीच्या तिकिटाची हमी हेच लागतं, आणि ही साठवण एकट्या माणसाने बांधायची नसते. आपण ती त्याच्यासाठी बांधलेली नाही. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न (एक श्रोत्या): सर, भाचा परत गेला का?

गेला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे ब्रेंट १२० डॉलरच्या वर गेलं आणि ज्यांनी डीमोब केलं होतं तेच फोन करू लागले. लगेच गेला नाही. आधी वाकडचा फ्लॅट विकला, कर्ज फेडलं, भाड्याच्या लहान घरात गेले. मुलांना ते आवडलं नाही, अजूनही बोलून दाखवतात. त्याने ठीक केलं की नाही, हे आम्ही त्याला सांगितलेलं नाही. तो विचारतही नाही. वही बहिणीकडे आहे. तिला टेपचे आकडे नीट दिसत नाहीत, कधी फूट लिहिते, कधी मीटर. रिगवरून त्याचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ‘आई, आज पाणी किती?’